पगार : एका शब्दाच्या कुळीचा शोध (प्रकल्प नोंदी)

४ जून २०२४

वाचनालयाच्या शब्दफलकमालेतील पुढचा फलक रोमान्स भाषांमधील एका शब्दावर करावा, असे कालच्या बैठकीत ठरले. लॅटिनच्या पोटी जन्मलेल्या पोर्तुगीज, स्पॅनिश, कॅटलान, ऑक्सिटान, फ्रेंच, इटालियन आणि रुमानियन या भाषांना मिळून रोमान्स भाषा म्हणतात. आपल्याकडे संस्कृत, प्राकृते आणि मराठी, गुजराती, हिंदी यांचे जसे नाते आहे, साधारण तसेच नाते लॅटिन आणि या भाषांमध्ये आहे. शब्द निवडताना तीन उमेदवार समोर होते. घराला इटालियन, स्पॅनिश व पोर्तुगीजमध्ये असलेला ‘कासा’ हा शब्द आणि पावाला असलेला लॅटिन ‘पानिस’ या शब्दाचा परिवार हे दोन्ही सोडून दिले, कारण त्यांची रूपे बदलली तरी त्यांचा अर्थ जवळपास जागचा हललेला नाही. तिसरा शब्द म्हणजे ‘पैसे चुकते करणे’ या अर्थाचे क्रियापद. त्याची रूपे तर बदललीच, पण अर्थानेही एवढा लांबचा पल्ला गाठला आहे की त्याचा आरंभ सांगितल्यावर बैठकीतल्या दोघांनी मला पुन्हा विचारले, ‘नक्की का?’

आरंभ ‘शांतता’ या शब्दात आहे. लॅटिनमध्ये ‘पाक्स’ म्हणजे शांतता किंवा तह, षष्ठीचे रूप ‘पाकिस’. त्यापासून झालेले क्रियापद ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. याच ‘पाकारे’चे पोर्तुगीज रूप ‘पगार’, आणि ते आपण दर महिन्याला उच्चारतो.

फलकाने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत, अशी माझी मागणी आहे. शांत करणे या अर्थाचा शब्द पैसे देणे या अर्थापर्यंत कसा पोहोचला? आणि पोर्तुगीजमध्ये क्रियापद असलेला शब्द मराठीत नाम होऊन आला, तेव्हा त्याच्या अर्थातले काय राहिले आणि काय गळून पडले?

६ जून

आज रूपे गोळा केली. पोर्तुगीज, स्पॅनिश आणि ऑक्सिटानमध्ये लेखनात एकच रूप आहे, ‘पगार’. कॅटलानमध्येही ते तसेच लिहितात, पण बार्सिलोनाच्या बोलीत शेवटचा ‘र’ उच्चारत नाहीत. इटालियनमध्ये ‘पगारे’. फ्रेंचमध्ये मात्र ‘पेये’, ज्याच्यात ‘पाकारे’ची ओळखच पटत नाही. इंग्रजीतले ‘पे’ हे जुन्या फ्रेंचमधून गेलेले आहे, म्हणून ‘पे-स्लिप’ आणि ‘पगारपत्रक’ हे दोन शब्द एकाच आजीची नातवंडे आहेत, ही गोष्ट फलकावर ठळक यायला हवी.

दोन स्वरांमधला ‘क’ स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये ‘ग’ झाला आणि फ्रेंचमध्ये आणखी झिजून ‘य’ उरला, हा नियम समजावून सांगण्यासाठी मी बराच वेळ युरोपीय उदाहरणे शोधत बसले होते. नंतर लक्षात आले की मराठी वाचकासाठी याहून जवळचे उदाहरण आपल्याच प्राकृतांत आहे. संस्कृत ‘लोक’ अर्धमागधीत ‘लोग’ होतो, जैन परंपरेतील ‘लोगस्स’ या सूत्राच्या नावात तो आजही ऐकू येतो. आणि महाराष्ट्री प्राकृतात तोच ‘लोअ’ होतो, म्हणजे मधले व्यंजन पूर्ण विरघळते. अर्धमागधी ज्या पायरीवर थांबली तिथे स्पॅनिश थांबली, आणि महाराष्ट्री जेवढी पुढे गेली जवळपास तेवढी फ्रेंच गेली. दोन खंडांतल्या बोलणाऱ्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण जिभेने दोन्हीकडे सारखाच सोपा मार्ग काढला. ही तुलना फलकाच्या मध्यभागी घेणार आहे.

इटालियनबाबत एक सावधगिरी बाळगायला हवी. तिथे हा बदल सर्वत्र झालेला नाही. ‘लाकुस’ (तळे) याचे ‘लागो’ झाले, पण ‘अमिकुस’ (मित्र) याचे ‘अमीको’च राहिले. ‘पगारे’ हे ‘लागो’च्या गटात आहे.

९ जून

आजचा दिवस ‘पाकारे’च्या अभिजात लॅटिनमधल्या अर्थासाठी दिला. मराठीत आपण ‘शांत करणे’ म्हणतो तेव्हा रडणारे मूल किंवा रागावलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. रोमन सेनापतीच्या तोंडी या क्रियापदाचा अर्थ वेगळा होता. ज्युलियस सीझरने गॉलच्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या) युद्धाच्या वृत्तांतात इ.स.पू. ५७ च्या मोहिमेचा शेवट सांगताना सगळा गॉल ‘पाकाता’ झाला, असे लिहिले आहे. त्याचा अर्थ तिथले लोक समाधानी झाले असा नाही, त्यांचा प्रतिकार मोडला गेला असा आहे. आणि तोही तेवढ्यापुरताच, कारण पाच वर्षांनी त्याच गॉलने वर्सिंगेटोरिक्सच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव केला. सम्राट ऑगस्टसने आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तांत मागे ठेवला, त्याची सर्वांत चांगली टिकलेली प्रत आज तुर्कस्तानातल्या अंकारा येथील मंदिराच्या भिंतींवर कोरलेली आहे. त्यात तो म्हणतो की मी समुद्र चाच्यांपासून मुक्त करून ‘पाकावी’, म्हणजे शांत केला. गॉल आणि स्पेन या प्रांतांविषयीही त्याने हेच क्रियापद वापरले आहे.

तेव्हा या शब्दाच्या पहिल्या अवस्थेत शांतता वरून लादलेली आहे. शांत करणारा बलवान आहे आणि शांत होणारा दुबळा. पैशाच्या व्यवहारात शिरताना हे नाते उलटे होते, कारण तिथे शांत करावे लागते ते सावकाराला, आणि शांत करणारा असतो ऋणको. मला हे उलटणे या सगळ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते.

मग रोमन लोक ‘पैसे देणे’ याला काय म्हणत? मुख्यतः तीन क्रियापदे आढळतात. ‘नुमेरारे’ म्हणजे मोजून देणे. ‘पेंडेरे’ म्हणजे तोलून देणे, नाणी नव्हती तेव्हा धातू तोलून दिला जाई त्याची ही आठवण. या ‘पेंडेरे’पासून ‘पेन्सिओ’ झाला आणि तो फ्रेंच व इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे ‘पेन्शन’ होऊन आला. म्हणजे नोकरीत असेपर्यंत मिळतो तो शांततेचा शब्द, आणि निवृत्तीनंतर मिळतो तो तराजूचा. तिसरे क्रियापद ‘सोल्वेरे’, म्हणजे सोडवणे, सैल करणे. कर्ज ही गाठ मानली आणि पैसे देणे म्हणजे ती गाठ सोडणे.

‘सोल्वेरे’पाशी मी थांबले, कारण मराठी ‘फेडणे’ नेमके हेच करते. आपण वस्त्र फेडतो, लुगडे फेडतो, म्हणजे सोडतो. आणि त्याच क्रियापदाने कर्ज फेडतो, नवस फेडतो, पांग फेडतो. आपण रोज ‘कर्ज फेडले’ म्हणतो, पण त्यात एक गाठ सुटते आहे हे मला आज एका परक्या भाषेच्या शेजारी ठेवल्यावर प्रथम दिसले.

११ जून

लहान दुरुस्ती. फलकाच्या कच्च्या मसुद्यात मी ‘रोमन सैनिकांना पगार मिठाच्या रूपात मिळे’ असे एक वाक्य शेजारच्या चौकटीत घातले होते. इटालियन-स्पॅनिश ‘सालारिओ’ आणि फ्रेंच ‘सालेर’ हे वेतनाचे शब्द लॅटिन ‘सालारियुम’पासून आले आहेत आणि त्याचा संबंध ‘साल’, म्हणजे मीठ, या शब्दाशी आहे, हे खरे. परंतु सैनिकांना मोबदला म्हणून मीठच वाटले जात होते, असे सांगणारा प्राचीन पुरावा नाही. ती पुढच्या काळात रचलेली समजूत आहे. वाक्य काढून टाकले. ते आकर्षक होते म्हणूनच मसुद्यात शिरले होते. उरलेल्या मजकुरातली जी वाक्ये फार सहज पटतात, ती आता पुन्हा एकदा तपासणार आहे.

१४ जून

आज मधला दुवा हाती आला, म्हणून ही नोंद लांबणार आहे.

शांत करणे आणि पैसे देणे यांच्या मध्ये ‘समाधान करणे’ हा अर्थ आहे, आणि तो केवळ तर्काने मांडावा लागत नाही. रोमान्स भाषांनी तो जिवंत ठेवला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये या क्रियापदाचा अर्थ समेट घडवणे, राजी करणे असाही होता. इंग्रजीने १२०० च्या सुमारास हा शब्द उचलला तेव्हा त्याचाही आरंभीचा अर्थ संतुष्ट करणे, खूश करणे असा होता. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘पगार्से दे’ म्हणजे एखाद्या गोष्टीवर प्रसन्न होणे, आणि आजही स्वतःवरच खूश असलेल्या माणसाला स्पॅनिशमध्ये ‘पगादो दे सी मिस्मो’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर तो स्वतःच स्वतःला चुकता झालेला माणूस आहे. इटालियनमध्ये ‘पागो’ हे विशेषण तृप्त या अर्थाने आहे आणि ‘अप्पगारे’ म्हणजे इच्छा पुरी करणे, मन भरणे.

इटालियनमध्येच एक जोडी मिळाली, ती फलकावर मोठ्या अक्षरांत घ्यावी असे वाटते. लॅटिन ‘पाकातुस’ या एकाच धातुसाधितापासून इटालियनमध्ये ‘पगातो’ आणि ‘पकातो’ असे दोन शब्द झाले. लोकांच्या तोंडी घडत आलेला ‘पगातो’ म्हणजे चुकते केलेले. ग्रंथांमधून जसाच्या तसा उचललेला ‘पकातो’ म्हणजे शांत, संयत, उदाहरणार्थ एखाद्याचा बोलण्याचा सूर. आपल्याकडे ‘कर्म’ आणि ‘काम’ जसे तत्सम आणि तद्भव म्हणून शेजारी नांदतात, तशीच ही जोडी आहे. फक्त इथे एका अक्षराच्या फरकात अर्थाचा सगळा प्रवास मावला आहे. ‘क’ ठेवला तर शांतता, ‘ग’ केला तर पैसे.

हे लिहीत असताना घरातल्या एका कागदाची आठवण झाली आणि संध्याकाळी आईच्या ट्रंकेतून तो शोधून काढला. १९५२ साली आजोबांनी घराचे छप्पर नवे केले, त्या वेळी गावच्या सुताराने दिलेली ती पावती आहे. कागद पिवळा पडून घडीवर फाटला आहे. शाई तपकिरी झाली आहे. मजकूर असा : ‘आढ्याचे व वाशांचे काम पुरे करून मजुरीबाबत रुपये ८५ रोख भरून पावलो. काही तक्रार राहिली नाही.’ खाली एक आण्याच्या रेव्हेन्यू तिकिटावर डाव्या अंगठ्याची निशाणी आहे, तिच्या रेषा अजून मोजता येतील एवढ्या स्वच्छ आहेत, आणि निशाणीची शाई तिकिटाच्या कडेवरून कागदावर उतरली आहे.

आईला मी विचारले, ‘आई, भरून पावलो म्हणजे काय गं?’ ती म्हणाली, ‘म्हणजे पूर्ण मिळाले. आणि तू पहिला नंबर काढलास तेव्हा आजोबा काय म्हणाले होते? भरून पावलो. तेच.’

तेच, हे तिने अगदी बरोबर सांगितले. ‘भरून पावणे’ म्हणजे पूर्ण रक्कम हाती येणे, त्यावरून ‘भरपाई’, आणि त्याच शब्दप्रयोगाचा आजचा अर्थ धन्य होणे, मन तृप्त होणे. रोमान्स भाषा तृप्तीकडून पैशाकडे गेल्या आणि मराठी पैशाकडून तृप्तीकडे आली; रस्ता एकच, दिशा उलट. शिवाय सुताराच्या पावतीतले दुसरे वाक्य, ‘काही तक्रार राहिली नाही’, हे ‘पाकारे’ या क्रियापदाचे इतके नेमके विवरण आहे की मी फलकासाठी स्वतंत्र व्याख्या लिहायचा विचार सोडून दिला. पैसे मिळाले एवढेच त्या माणसाने लिहून दिलेले नाही. आता माझे तुमच्याशी भांडण नाही, असेही त्याने लिहून दिले आहे. मध्ययुगातल्या लॅटिन बोलणाऱ्या माणसाला पैसे देण्याच्या कृतीत हेच महत्त्वाचे वाटले असणार, नाही तर मोजणे, तोलणे आणि सोडवणे हे तीन चांगले शब्द हाताशी असताना त्याने शांत करण्याचा शब्द त्या जागी आणून बसवला नसता.

१७ जून

मालेच्या कामातील सहकारी मूळच्या म्हापशाच्या आहेत. त्यांना आजवर जमलेल्या नोंदी वाचायला दिल्या होत्या. परत करताना त्या म्हणाल्या, ‘ताई, यात अपगार कसे नाही? माझी आजी रात्री निजायच्या वेळी हमखास म्हणायची, अपागा आ लूश. दिवा मालव.’

त्यांचे म्हणणे रास्त आहे, आणि ही फांदी सुटली असती तर झाड लंगडे राहिले असते. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत ‘अपगार’ म्हणजे विझवणे; पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ पुसून टाकणे असाही होतो आणि फळा पुसायच्या डस्टरला ‘अपगादोर’ म्हणतात. घडणीने हा शब्द ‘अ’ हा उपसर्ग आणि आपले ‘पाकारे’ असाच आहे. तहान शांत करणे, आग शांत करणे, त्यावरून दिवा विझवणे. मराठीत आपण अग्नी शांत झाला म्हणतो, दिवा शांत झाला म्हणतो, तेव्हा हा अर्थविस्तार आपल्याला मुळीच परका वाटू नये. स्पॅनिश बोलणारा माणूस दुकानदाराचे पैसे ‘पगार’ करतो आणि घरी येऊन दिवा ‘अपगार’ करतो. दोन्हीकडे मागणे करणारे काहीतरी निवते.

याच ओघात रुमानियनचा प्रश्न सुटला. पहिल्या दिवशी रूपे गोळा करताना रुमानियनचा रकाना रिकामा राहिला होता, कारण त्या भाषेत पैसे देण्याला ‘प्लती’ म्हणतात आणि तो शब्द स्लाव भाषांमधून आलेला आहे. परंतु त्या भाषेत ‘अंपका’ हे क्रियापद आहे. ते ‘पाकारे’च्याच घराण्यातले असून त्याचा अर्थ समेट करणे, दोघांचे जुळवून देणे असा आहे. बाकीच्या बहिणी बाजारात गेल्या, ही एकटी जुन्या घरात राहिली आणि तिने मूळ अर्थ सांभाळला. फलकावर रुमानियनची फांदी आता रिकामी नाही. उलट तीच सर्वांत खालची, खोडाला सर्वांत जवळची फांदी आहे.

१९ जून

पैशाने शांतता विकत घेण्याची कल्पना या एका शब्दापुरती आहे का, हे पाहिले. तशी ती नाही. लॅटिन ‘क्विएतुस’ म्हणजे निवांत. त्यापासून फ्रेंच ‘अकिते’ (देणे फेडणे) आणि ‘कितांस’ (पावती), पोर्तुगीज ‘कितासांव’ (देणे फिटल्याची पावती). म्हणजे पावती हा कागद दोन्ही पक्ष निवांत झाल्याचा दाखला आहे. फ्रँक लोकांच्या सॅलिक कायद्यात, म्हणजे सहाव्या शतकाच्या आरंभीच्या संहितेत, गुन्हेगाराने द्यायच्या भरपाईचा एक भाग राजसत्तेकडे जाई आणि त्याला ‘फ्रेडुस’ म्हणत; हा शब्द जर्मानिक भाषांमधल्या शांततेच्या शब्दापासून बनलेला आहे. सूडाने पेटलेल्या दोन कुळांमध्ये रक्ताऐवजी रक्कम स्वीकारली जाई, तेव्हा पैसे देणे आणि तंटा मिटवणे ही एकच कृती असे.

‘पाकारे’चा अर्थ फ्रँक कायद्यामुळेच बदलला, असे मात्र फलकावर लिहिणार नाही. या समांतर वाटा आहेत, आणि त्यांच्यावरून एवढेच दिसते की त्या काळच्या समाजाला ही कल्पना अंगवळणी पडलेली होती.

२३ जून

आता मराठीची बाजू. गोवा १५१० मध्ये आणि वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकून घेतली. चौल, वसई, गोवा या पट्ट्यात दोनशे वर्षांहून अधिक काळ पोर्तुगीजांच्या गोदीत, किल्ल्यांत, चर्चमध्ये आणि घरांत इथली माणसे मोलाने काम करत होती. चावी, पाव, घमेले, बिजागरी, फीत, पिंप हे शब्द त्याच सहवासातले आहेत. त्यांत बहुतेक वस्तूंची नावे आहेत, आणि त्यांच्या गर्दीत ‘पगार’ वेगळा दिसतो. ती वस्तू नाही, मालक आणि चाकर यांच्यातला व्यवहार आहे. बार्देशातल्या आसगावात १८५५ मध्ये जन्मलेले मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावाचा कोश १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. अशा तऱ्हेचे शब्द किती भाषांमध्ये किती खोल गेले, हे त्या कामामुळे प्रथमच एकत्र पाहता आले, आणि या विषयावर काम करणारा प्रत्येक जण आजही त्यांच्या ऋणात आहे. ‘पगार’ मराठीप्रमाणेच कोंकणी आणि गुजरातीतही आहे, म्हणजे तो पश्चिम किनाऱ्याचा शब्द आहे.

आपण हा शब्द कानाने घेतला, कागदावरून घेतला नाही, याचा पुरावा त्याच्या ऱ्हस्व-दीर्घात आहे. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा आघात शेवटच्या अक्षरावर पडतो. पहिला स्वर आखूड आणि दबका ऐकू येतो, दुसरा मोकळा आणि लांब. मराठीने ‘प’ मध्ये अकार ठेवला आणि ‘गा’ला काना दिला. ज्या कोणी पहिल्यांदा हा शब्द उचलला, त्याने तो जसा ऐकला तसाच ठेवला.

त्याने क्रियापद ऐकले आणि नाम घेतले. पोर्तुगीजमध्ये वेतनाला ‘पागा’ असे नाम आहे, पण आपल्याकडे शेवटी ‘र’ आहे, म्हणजे आपण ‘देणे’ हे क्रियारूप घेतले आहे. मालक काम संपल्यावर जे उच्चारत होता तो शब्द, आणि त्याच वेळी हातावर पडत होती ती रक्कम, यांची सांगड ऐकणाऱ्याने घातली असावी, असे मला वाटते. देणाऱ्याच्या दृष्टीने ती कृती होती. घेणाऱ्याच्या दृष्टीने ती हातात आलेली गोष्ट होती, आणि मराठीत शब्द आला तो घेणाऱ्याच्या बाजूने.

ही बाजू आपण अजून सोडलेली नाही. ‘पगार झाला का?’ असे आपण विचारतो. त्या वाक्यात देणारा कुठेच नाही. पाऊस होतो, सण होतो, तसा पगार होतो. ‘मालकाने पगार दिला’ असेही म्हणता येते, पण चाळीत, बसच्या रांगेत, फोनवर ऐकू येते ते ‘पगार झाला’ हेच. लॅटिन ‘पाकारे’मध्ये कर्ता सेनापती होता आणि शांत होणारा कर्म होता, मध्ययुगात कर्ता ऋणको झाला, आणि कोकण किनाऱ्यावर आल्यावर कर्ताच नाहीसा झाला. पहिल्या दिवशी लिहिलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले असे मी मानते.

शेजारी ठेवण्यासाठी मराठीतले जुने शब्द तपासले. ‘वेतन’ संस्कृत. ‘मुशाहिरा’ हा अरबीतल्या महिन्याच्या शब्दापासून, म्हणजे मुळात मासिक रक्कम. ‘रोजमुरा’मध्ये फारसीतला दिवस आहे. हे सगळे आजही कळतात, पण कामगाराच्या तोंडी पगार टिकला.

२५ जून

नकाशावर खुणा करताना मलय भाषेतला ‘पगार’ समोर आला. त्याचा अर्थ कुंपण असा आहे आणि आपल्या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. वाचक तो शोधून आणतील, म्हणून फलकाच्या तळाशी एका ओळीत तसे सांगून टाकले आहे. त्याचप्रमाणे फ्रेंच ‘पेई’ (देश) हा शब्द ‘पेये’च्या अगदी जवळ ऐकू येतो, पण तो लॅटिन ‘पागुस’ (परगणा) या शब्दाच्या वंशातला आहे.

२८ जून

‘पाक्स’च्याही मागे जायचे की नाही, यावर आज चर्चा झाली. ‘पाक्स’ म्हणजे मुळात बांधलेली, पक्की केलेली गोष्ट; लॅटिन ‘पाकिस्कोर’ म्हणजे करार करणे, आणि ‘पॅक्ट’ हा इंग्रजी शब्द त्याच्यातूनच येतो. ज्या प्राचीन धातूपासून हे शब्द निघाले, त्याचा अर्थ बांधणे, घट्ट बसवणे असा असून संस्कृत ‘पाश’ हा शब्द त्याच धातूकडे नेला जातो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात वरुणाची प्रार्थना आहे, ‘उदुत्तमं वरुण पाशमस्मत्’, आमच्यावरचा वरचा पाश सैल कर.

सहकाऱ्यांचा आक्षेप असा होता की यामुळे वाचक मूळ वाटेवरून भरकटेल. मला तो निम्मा मान्य आहे. ‘पाश’ला मोठी फांदी देणार नाही, झाडाच्या मुळांशी, जमिनीखाली, बारीक अक्षरांत तो एकच शब्द लिहिणार आहे. परंतु तो गाळणे मला पटत नाही, कारण मराठीत आज ‘पाश’ आणि ‘पगार’ हे दोन शब्द आहेत, एक संस्कृतातून वारशाने आलेला आणि दुसरा लिस्बनच्या जहाजांतून आलेला, आणि हजारो वर्षांच्या ताटातुटीनंतर ते एकाच भाषेत पुन्हा एकत्र राहत आहेत. ही गोष्ट मराठी वाचकाला सांगायची नाही तर कोणाला सांगायची?

२ जुलै

फलकाचा आराखडा पुरा झाला. रुंदी चार फूट, उंची सहा फूट. मुळाशी ‘पाश’, बुंध्यावर ‘पाक्स’ आणि ‘पाकारे’, सर्वांत खालच्या फांदीवर रुमानियन ‘अंपका’, डावीकडे फ्रेंच व तिच्यापासून फुटलेली इंग्रजीची फांदी, वर इटालियन ‘पगातो–पकातो’ ही जोडी, उजवीकडे स्पॅनिश आणि कॅटलान, आणि त्यांच्या पलीकडे पोर्तुगीजची लांब फांदी, जिच्या टोकाला कोंकणी, मराठी, गुजराती. ‘अपगार’साठी पोर्तुगीज-स्पॅनिश फांद्यांमध्ये विझलेल्या पणतीचे लहान चित्र असेल. सालारियुमची चौकट ठेवली आहे, पण तिच्यात मिठाच्या शब्दाशी असलेले नाते तेवढे सांगितले आहे. फ्रेडुस आणि क्विएतुस यांना जागा उरली नाही. ते सोबतच्या पुस्तिकेत जातील.

सुताराची पावती आईने आठ दिवसांसाठी देऊ केली आहे. तिला मागून नवा पुठ्ठा लावून काचेच्या चौकटीत बसवून घेतले, आणि अंगठ्याच्या निशाणीवर उन्हाचा झोत येऊ नये म्हणून खिडकीच्या आतल्या बाजूची भिंत निवडली. खिळा पाच फुटांवर मारायला सांगितला आहे, म्हणजे ‘भरून पावलो’ ही ओळ फलकावरच्या मराठी फांदीच्या बरोबर समोर येईल.